शास्त्रज्ञ झाल्याबद्दल

विज्ञान-तंत्रज्ञान पत्रकारितेच्या एम.ए.चं पहिलं वर्ष संपवून मी वडवणीला उतरले, तर स्टँडसमोर माझाच फ्लेक्स. बारावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो भलामोठा करून लावलेला आणि खाली लाल अक्षरांत ‘शास्त्रज्ञ झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. शुभेच्छुक म्हणून अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शोध लावणारा वेगळा आणि त्याच्याबद्दल लिहिणारा वेगळा, हे वर्षभर आमच्या डोक्यात भरलं होतं. वर्गातल्या कुणी हा फ्लेक्स पाहिला असता तर? खरं सांगते, मला अण्णांची लाज वाटली.

बॅग घेऊन तशीच फ्लेक्सशेजारच्या आमच्या दुकानात शिरले आणि गिऱ्हाइकांसमोरच सुरू झाले.

“अण्णा, मी शास्त्रज्ञ न्हाई. त्यांच्याबद्दल लिहायला शिकायलेय नुसती.”

“इज्ञानाचंच हाय ना पण? पत्रकार म्हणलं की लोक इचारतेत, कोनाच्या वाढदिवसाची बातमी लावती म्हणून. म्या आपलं सोपं केलं.”

“सोपं न्हाई, खोटं केलंय तुमी. काढा ते.”

मशीन थांबलं. गिऱ्हाइकं उगाच कापड चाचपत राहिली. मी तरातरा घरी गेले, जेवले आणि चक्क झोपले.

संध्याकाळी चहा घेऊन दुकानात आले, तर फ्लेक्स जागच्या जागी. अण्णांनी तो उतरवून ‘शास्त्रज्ञ’ या शब्दावर पांढऱ्या कापडाचं ठिगळ शिवलं होतं. कडा दुमडून, सरळ टीप मारून, एखाद्या लग्नाच्या सदऱ्याला मारावी तशी. वर मी हसतेय, खाली कोरा तुकडा आणि पुढे ‘झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. तिथं काय लिहायचं, ते मी सांगितलंच नव्हतं. काय नाही, तेवढंच ओरडून सांगून गेले होते.

बाजाराचा दिवस होता. येणारा-जाणारा थांबून वाचत होता. शेजारचे फळवाले चाचा गाडा सोडून दुकानाच्या पायरीशी आले. अण्णांचे ते जुने दोस्त.

“काय झाली बे मग पोरगी?”

मी चहा ओतत होते. अण्णांनी सुईत दोरा ओवला, माझ्याकडं न बघता.

“काई न्हाई झाली,” ते म्हणाले. “माझंच चुकलं.”

त्यात कुठं टोमणा नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.