टाकीतलं शिळं पाणी

तेजस्विनी खैरनारला कोणी विचारलं, काय काम करतेस गं, तर ती म्हणते, "पाण्यात बघत बसते." घरच्यांनी या उत्तरापुढे केव्हाच हात टेकलेत. पण बाई खोटं बोलत नाही हो. नाशिकच्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या तळघरात रेडिएशनचं मशीन आहे, आणि ते ठरल्याएवढाच डोस देतंय ना, हे तपासणं तिची नोकरी. पारदर्शक टाकी पाण्याने भरायची, त्यात डोस मोजणारी बोटाएवढी नळी बुडवायची, मशीन चालवायचं आणि बाहेर बसून आकडा वाचायचा. माणसाच्या जागी पाणी, एवढंच.

महिन्याच्या मोठ्या तपासणीला ती सकाळी सहालाच येते. भिंती इतक्या जाड की बाहेरचं जग आत येतच नाही. ती दिवे मालवते, लेझरच्या लाल रेषा पाण्यावर एकमेकींना छेदतात आणि तिची तंद्री लागते. मग देवळाली कॅम्पातल्या दुपारी परत येतात. लांब डोंगराकडे तोफांचा सराव चालायचा, मांडणीतली भांडी थरथरायची, आणि वडिलांशेजारी पडल्या पडल्या छोटी तेजू विचार करायची, गोळा पडतो तिथे आत्ता कोण असेल? त्या प्रश्नाने तिची पाठ अजून सोडलेली नाही.

जानेवारीतल्या त्या सकाळी आकडा पावणेतीन टक्के जास्त आला. दोनच्या वर गेला की मशीनचा डोस खाली आणायचा, हा नियम. तिने पुन्हा मोजलं. तेच. आठ वाजता लंकाबाई येणार होत्या, सुरगाण्याहून पहाटेची जीप पकडून, घशाच्या गाठीसाठी. टेबलावरून उतरताना त्या रोज विचारतात, "पुरा दिला ना, बाई?" आणि तेजस्विनी रोज मान डोलावते, कोणी जेवलात का विचारल्यावर डोलवावी तशी.

जास्त गेला तर म्हातारीचा घसा भाजायचा. कमी गेला तर गाठ आत तशीच राहायची, आणि वर्षभर कुणाला पत्ता लागायचा नाही. तिने डोस कमी करायचं ठरवलं. तरी नळी सरळ आहे ना, एकदा बघू, म्हणून पाण्यात हात घातला आणि ती शहारली. पाणी हाताला झोंबत होतं.

टाकी ती आदल्या संध्याकाळीच भरून ठेवते, म्हणजे रात्रभरात पाणी खोलीइतकं कोमट होतं. तापमान चुकलं की सगळं गणित चुकतं.

दारात वत्सलाबाई पोछा घेऊन उभ्या होत्या. चार दिवसांपूर्वीच कामाला लागलेल्या.

"मावशी, हे पाणी तुम्ही बदललंत?"

"मग! रात्रीचं शिळं होतं, पहाटेच दिलं ओतून. टाकी घासली, वरच्या टाकीतनं ताजं भरलं. आजारी माणसाच्या कामाला शिळं पाणी कसं चालंल, ताई?"

तेजस्विनी स्टुलावर बसली. रागवायचं तरी कुणावर? नाशिकात घरोघरी सकाळी जे होतं तेच त्या माउलीने केलं होतं, आणि शाबासकीची वाट बघत होती. चूक तेजस्विनीचीच होती. थर्मामीटर पाण्यात धरायचा असतो. ती गेली दोन वर्षं भिंतीवरच्या थर्मामीटरचाच आकडा उचलत आली, दोन्ही सारखेच असतात म्हणून. भिंतीवर चोवीस अंश होते. पाण्यात सोळा निघाले. नव्याने गणित केलं तर मशीन अगदी बरोबर होतं. तिनेच ते खाली ओढलं असतं.

"मावशी, इथलं पाणी शिळंच लागतं," ती म्हणाली. "मला विचारल्याशिवाय हात लावू नका."

"शिळंच?" वत्सलाबाईंना काही ते पटलेलं दिसलं नाही.

आठ वाजता लंकाबाई आल्या. पंधरा मिनिटांनी टेबलावरून उतरल्या, पदर सावरला आणि नेहमीसारखं विचारलं, "पुरा दिला ना, बाई?"

मान डोलवायला गेली तर तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने म्हातारीचा हात धरला.

"पुरा दिला, आजी. आज मी पाण्यात हात घालून बघितलं."