शेळ्यांची मुसकी आणि दोन सभागृहं

दिल्लीतलं एक विधेयक एका सभागृहातून दुसऱ्यात आणि तिथून पुन्हा पहिल्यात हेलपाटे घालत होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. संपादक म्हणाले, "याला इतका उशीर का लागतो, ते वाचकांना सोप्या भाषेत सांगा." माझं शिक्षण संस्कृतातलं, सोपी भाषा आम्हांला शिकवतच नाहीत. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हिंगोलीकडचा. तो म्हणाला, "आमच्याकडं एका गावात ठराव दोन बैठकांतून जातो. बघून या." दिल्लीपेक्षा हिंगोली जवळ, आणि खर्च माझ्याच खिशातून होणार होता. निघालो.

परभणीहून वसमतची एसटी धरावी आणि हट्ट्याला उतरावं. पुढे काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली असं चालकाला कधीच वाटत नाही. माझ्या मांडीवर एका आजींची कोंबडी होती. तिला माझ्यापेक्षा ऐसपैस जागा मिळाली. शेवटचा टप्पा हरभऱ्याच्या शेतांमधून पायी. जाणार असाल तर हुरड्याच्या दिवसांत जा. हुरडा आग्रहाने देतात. नको म्हटलं तर दुप्पट देतात.

गावाची रीत अशी: सकाळी खालची बैठक पारावर, कर्त्या शेतकऱ्यांची. संध्याकाळी वरची बैठक टेकाडावरच्या देवळात, म्हाताऱ्यांची. दोन्हींनी अगदी त्याच शब्दांना हो म्हटलं, तरच ठराव.

"ही दुहेरी तकलीफ काहून?" असं मी खालच्या बैठकीच्या बालाजीला त्याच्याच भाषेत विचारून पाहिलं. त्याच्याकडेच मी मुक्कामाला होतो.

"मागं एकाच बैठकीत जोशात इहीर बुजवली," तो म्हणाला. "सकाळी ध्यानात आलं, गोडं पानी तिचंच व्हतं."

द्विसदनी पद्धतीचं इतकं स्वच्छ समर्थन मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

त्या आठवड्यात प्रश्न कोंडाबाईंचा होता. त्यांच्या मेंढ्या आणि थोड्या शेळ्या. पाण्याला तलावावर न्यायचं तर डांबरी रस्त्याने मोठा वळसा, आणि नुकतीच एक गाभण मेंढी ट्रकखाली गेलेली. त्यांना शेतांच्या बांधावरून सरळ वाट हवी होती.

"वाट द्या, न्हाई तं कळप घेऊन पूर्णेकडं निघाले मी," त्या पारासमोर उभ्या राहून म्हणाल्या. पारावर हिशेब सुरू झाला. मेंढ्या गेल्या तर शेतात बसवायच्या कुणाच्या, आणि खत कुठलं?

खालच्या बैठकीने तिथेच ठरवलं: जनावरांना वाट द्यावी. संध्याकाळी वरच्या बैठकीत सगळ्यांत वडील असलेल्या दत्तराव आबांनी दुरुस्ती सुचवली. मेंढ्यांना द्यावी, शेळ्यांना नाही. शेळी हरभरा खाते. दुसऱ्या सकाळी पारावर कोंडाबाई कडाडल्या, "शेळ्या काय म्या डोक्यावर घेऊ?" मग तोड निघाली: मळणीच्या बैलांच्या तोंडाला बांधतात तशी शेळ्यांना मुसकी बांधावी. वरच्यांनी त्यावर रात्रभर विचार केला, मुसकं दोरीचं की जाळीचं यावर एकदा ठराव खाली पाठवला, आणि शेवटी मान डोलावली. दिल्लीत हेच होतं, फक्त तिथे हुरडा नसतो.

वाट उघडली त्या दिवशी दोन्ही बैठका तलावावर हजर. मुसकी बांधलेल्या शेळ्या बांधावरून संन्याशांसारख्या आल्या. हरभऱ्याच्या एका घाट्यालाही धक्का नाही. मेंढ्या पाण्यात तोंड घालून प्यायला लागल्या. शेळ्या काठावर उभ्या राहून आमच्याकडे बघू लागल्या.

"मुसक्यातून पेतील कशा?" कोंडाबाई म्हणाल्या.

बालाजी गाठीला हात घालणार, तोच आबा गरजले, "थांब! काढायचं ठरावात न्हाई."

"आबा, मरतील की मुकी जनावरं!"

"तं ठराव करा. मी कुठं न्हाई म्हनून राहिलो?"

काठावरच संयुक्त बैठक बसली. कुणाची बैठक वर आणि कुणाची खाली, यावर थोडा घोळ झाला, कारण काठ सपाट होता. पण एकमताने ठरलं: पाणी पिताना मुसकं काढावं. शेळ्या धावल्या.

त्या पिऊन झाल्यावर आबांनी घसा खाकरला. "काढायचं ठरलं. परत बांधायचं ठरलं न्हाई."

बिनमुसक्याची शेळी बांधावरून नेता येत नाही. बांधायचा अधिकार कुणाला नाही. अंधार पडत आलेला, सगळ्यांना घरी भाकरी. तेव्हा पुढचा निर्णय होईपर्यंत कळपाने तलावावरच राहावं असं ठरलं. मी कोंडाबाईंकडे पाहिलं. त्या रडतील असं मला वाटलं होतं. पण त्या पदर खोचून राहुटीची जागा बघत होत्या.

घरी आलो, लेख लिहिला. उशीर का लागतो, तर विहीर बुजू नये म्हणून, असं त्यात म्हटलं. संपादकांनी ते उदाहरण काढून टाकलं. काही दिवसांनी न राहवून बालाजीच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. कोंडाबाई गावात बाजाराला आल्या होत्या, त्यांनाच बोलावलं. मेंढ्या तलावावरच व्याल्या होत्या, पिल्लं धडधाकट होती, आणि काठालगतचे शेतकरी मेंढ्या आधी आपल्या रानात बसवा म्हणून त्यांच्याकडे चकरा मारत होते.

"मग ठरावाचं काय झालं?" मी विचारलं. "वरच्या बैठकीशी मी बोलून बघू का?"

"पाया पडते साहेब," त्या घाईघाईने म्हणाल्या, "तुमी मधी पडू नका. चर्चा चालून राहिली, चालू द्या."