आबांनी पारखून आणलेलं पिल्लू

आमच्या गल्लीत म्हैस घ्यायची म्हटली की माणसं आधी माझ्या वडिलांकडं यायची. सगळे त्यांना आबा म्हणायचे. आबा म्हशीचे दात बघायचे, कासेला हात लावायचे, तिला चार पावलं चालवायचे आणि मग नुसती मान हलवायचे. त्या मान हलवण्यावर सौदे ठरायचे, नाहीतर मोडायचे. आमच्या स्वतःच्या तीन म्हशी होत्या, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर दूध घालायचो. मी तेव्हा आठवीत होते.

कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट माझा होता. आबा मुरगूडच्या बाजाराला कुणाची तरी म्हैस बघायला गेले आणि येताना पिशवीतून काळं-तांबूस पिल्लू घेऊन आले. बाजाराच्या कडेला एकजण टोपलीत घेऊन बसला होता म्हणे, अल्सेशियन म्हणून. गल्ली बघायला जमली.

"बघून आणलंय," आबा म्हणाले. "दात बघितलं, डोळं बघितलं. वाघ हुतोय का न्हाय बघा."

पिल्लू मात्र भिंतीकडं तोंड करून पडून राहिलं. दूध ठेवलं तर वास घेऊन मान फिरवली. प्रवासानं दमलंय, असं आबांनी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते ओकायला लागलं. संध्याकाळी हगवण सुरू झाली, तीही रक्ताची. तसला वास मी गोठ्यातसुद्धा कधी घेतला नव्हता.

"अवं, डाक्टरला दाखवूया की," आई म्हणाली.

"काय नको. पोट बिघडलंय, बसंल."

आबांना डॉक्टरांचं वावडं नव्हतं. म्हैस जरा रवंथ करायची थांबली तरी ते दवाखान्याकडं पळायचे. पण त्या दवाखान्यात सगळे ओळखीचे गवळी. म्हशी पारखणारा माणूस कुत्र्याच्या पिल्लात फसला, हे त्यांच्यासमोर उघडं करायचं धाडस आबांना होत नव्हतं. पिल्लू घरामागच्या परड्यात, पोत्याच्या आडोशाला गेलं. मीही काही वेगळं केलं नाही. वर्गात मी अल्सेशियनच्या गप्पा मारल्या होत्या. मैत्रिणी बघायला आल्या तेव्हा दारातच सांगितलं, मामाकडं पाठवलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा दूध घालायला गेल्यावर आईनं पिल्लू जुन्या लुगड्यात गुंडाळलं. "चल. मी जातो घिऊन. हितं असं मरताना बघाय न्हाय व्हायचं मला."

दवाखान्यात व्हायचं तेच झालं. बाकावरच्या एका गवळ्यानं आईला ओळखलं. "काय वैनी, म्हस आजारी हाय व्हय? आबा कुठं हायत?"

आईनं लुगडं उघडलं. वास पसरला तशी माणसं सरकून बसली. "कुठनं आणलं ह्ये?" कुणीतरी विचारलं.

"मामानं दिलंय," मी पटकन म्हणाले.

आईनं माझ्याकडं बघितलं. "न्हाय. ह्यांनीच आणलंय, बाजारातनं."

कुणी हसलं नाही, पण दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. आशा फार धरू नका म्हणाले. रोग पसरणारा आहे, परड्यातली जागा ब्लीचिंग पावडरनं धुवा, काही महिने दुसरं पिल्लू आणू नका. मग त्यांनी विचारलं, "टोपलीत आणखी पिल्लं होती का? त्यांनाही हेच झालेलं असणार. तो माणूस विकत असेल तर लोकांना सांगा, ताई."

पिल्लू त्याच दुपारी गेलं.

आबा आईवर खूप ओरडले. "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस!" आई भांडी घासत राहिली. मग एवढंच म्हणाली, "डाक्टर म्हणालं, बाकीची पिल्लंबी मरणार. कुणाच्या तरी घरात जाऊन मरणार." आबा त्या रात्री जेवले नाहीत.

पुढच्या बाजारी ते मला घेऊन एसटीनं मुरगूडला गेले. टोपलीवाला त्याच जागी बसला होता. आबा समोरच्या चहाच्या गाड्यावर उभे राहिले. एक चहा झाला, दुसरा घेतला. ओळखीची माणसं हाका मारत होती. तेवढ्यात एक नवरा-बायको लहान मुलीला घेऊन टोपलीशी वाकले. मुलीनं एक पिल्लू उचलून छातीशी धरलं. ते तसंच मान टाकून होतं.

आबांनी कप ठेवला आणि सरळ तिकडं गेले. "पावणं, घिऊ नका. आजारी हायत. मी नेल्यालं मेलं."

टोपलीवाला उसळला. "तुमी तर म्हशी पारखणारं आबा न्हवं? दात बघून घेतलासा की! तवा कळलं न्हाय व्हय?"

माणसं गोळा झाली, हसली. मी आबांचा सदरा धरून खाली बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"व्हय, बघूनच घेतलं," आबा मोठ्यानं म्हणाले. "मला कळलं न्हाय. म्हणून तर सांगालोय."

त्या बाईनं मुलीच्या हातातलं पिल्लू काढून टोपलीत ठेवलं. मुलगी रडायला लागली. टोपलीवाला शिव्या देत उठला आणि टोपली उचलून गर्दीत शिरला. आबांनी पैसे मागितले नाहीत. त्या पिल्लांचं पुढं काय झालं, कळलं नाही.

आम्ही स्टँडकडं निघालो तर हातकणंगल्याचा एक ओळखीचा शेतकरी आडवा आला. मघाचं सगळं त्यानं ऐकलं होतं. तरी म्हणाला, "आबा, एक म्हस बघायची हाय, चला की."

आबा गेले. दात बघितले, कासेला हात लावला, तिला चार पावलं चालवलं. तो माणूस त्यांच्या मानेकडं बघत थांबला होता.

"मला तर बरी दिसत्या," आबा म्हणाले. "पर एकदा डाक्टरला दाखवा, मग पैसं द्या."