ताटातला चेहरा

अमरावतीच्या आमच्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये आरसा नव्हता. वेणी एकमेकींची घालायची आणि अंघोळ अंगावर गाऊन ठेवून करायची. स्वतःकडे पाहणं पाप, असं सिस्टर सांगत. मी दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची पोर, वय चौदा, आणि मला स्वतःला पाहायची भारी हौस. मी माझं स्टीलचं ताट चिंच लावून घासायची आणि वाढप सुरू होईपर्यंत त्यात तोंड पाहायची.

पण मन खायचं. कॅथलिक मुलींचं बरं होतं. शनिवारी फादर येत, त्या एकेक करून जाळीपाशी गुडघे टेकत, पापं सांगत, माफी घेत आणि हसत बाहेर पडत. आम्हा हिंदू मुलींची पापं मात्र साठतच चाललेली. मला त्याचा फार राग यायचा. एका शनिवारी मी सरळ रांगेत घुसले.

"मी ताटात माहा चेहरा पाह्यला," मी जाळीतून म्हटलं. "अन् मले आवडला."

फादर आमच्याच बाजूचे, अंजनगावकडचे. ते म्हणाले, "कोन्या गावची वं तू? बाप्तिस्मा झाला तुहा?"

"नाई. मंग माह्यं पाप तसंच राह्यते का?" मला रडूच फुटलं.

"चेहरा देवानंच देल्ला ना? आवडला त आवडला. जा, अभ्यास कर."

बाहेर सिस्टर उभ्या होत्या. "आत काय सांगितलंस? बोल, नाहीतर उद्याच वडिलांना बोलावते." बाबा एकदा घेऊन गेले असते, तर पुन्हा शाळा दिसली नसती. पण ताटाचं सिस्टरना सांगायचं म्हणजे मरणच. तेवढ्यात फादर बाहेर आले.

"सिस्टर, जाळीतलं थे इचारत नसतेत."

"पण फादर, ही आपल्यातली नाही."

"रांगेत होती ना? मंग झालं."

बाबांना बोलावणं गेलं नाही. मी पुढे दोन वर्षं तिथेच शिकले, मजेत शिकले, आणि ताटात रोज पाहिलं.

दहावीची परीक्षा संपली त्या दुपारी मी ताटं घासत होते. सिस्टर जवळ आल्या. "आता तरी सांग, त्या दिवशी काय सांगितलंस?"

आता घरी पाठवण्याची भीती उरली नव्हती. मी सांगून टाकलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं.

"नीट दिसतं का गं त्यात?" त्यांनी हळूच विचारलं.

सिस्टरच्या खोलीतही आरसा नाही, हे तोवर माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी माझं ताट फ्रॉकला पुसलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. मग त्या ताटाकडे वाकल्या आणि कपाळावर आलेली पांढरी बट डोक्यावरच्या कापडाखाली सारली.