माझी कातडी, भावाचे पाय

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. मास्तरांनी दुसऱ्याच्या चुकीसाठी मला छडी मारली, तेव्हा पाटी तिथंच ठेवून उठलो तो परत गेलो नाही. पुढं आंब्याची कलमं बांधायला शिकलो. रायवळ आंब्याच्या रोपाची साल जराशी तासायची, हापूसच्या फांदीची तेवढीच तासायची, दोन्ही ओली अंगं एकमेकांना भिडवून सुतळीनं आवळायची. कृष्णाकाठापासून शिराळ्यापर्यंत बांधाबांधावर माझ्या हातची झाडं आहेत. माझं बांधलेलं सुटलं असं कुणी म्हटलं, की मी त्याच्या दारात भांडायला जायचो. पुढं जे घडलं ते या घमेंडीमुळं घडलं असं लोक म्हणतात. म्हणोत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. ऊस पुन्हा उभा राहिला होता आणि आमच्याकडं गुऱ्हाळं लागली होती. माझा धाकटा भाऊ गुळव्या होता. पाक कधी उतरवायचा हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. एके दिवशी दुपारी पाकाची मोठी काहील चुलवाणावरून उतरवताना दांडा धरलेल्या एका गड्याचा पाय मळीवर घसरला. काहील कलली आणि उकळता पाक भावाच्या दोन्ही मांड्यांवरून खाली पोटऱ्यांपर्यंत गेला. पाणी वाहून जातं, पाक जात नाही. तो चिकटून बसतो आणि आत आत भाजत राहतो. आम्ही धोतर ओढून काढलं तेव्हा धोतराबरोबर कातडीही आली.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पहिले काही दिवस तो जगतो का मरतो हेच कुणाला कळत नव्हतं. त्याला रक्त लागलं, माझं जुळलं, मी दिलं. मग डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. वयस्कर माणूस, बोलणं शहरी पण सावकाश.

"जखमा उघड्या राहिल्या तर त्यात पू होईल, अंगातलं पाणी जाईल. आपल्याला त्या झाकायच्या आहेत. शेवटी कातडी त्याच्याच पाठीची लावायची, पण आत्ता ती काढली तर त्याला झेपणार नाही. तोवर दुसऱ्या कुणाची तरी लावू. ते पांघरूण समजा. दोनेक आठवडे टिकेल, मग त्याचं अंग ते टाकून देईल."

"टाकंल कशापायी?" मी म्हणालो. "मी सख्खा भाऊ हाय. रगात जुळलंय. माजी लावा, कायमची बसंल."

"भावाचीही बसत नाही हो."

"आवं साहेब, मी झाडं जोडतो. आंब्यावर आंबा धरतो. त्यो आन मी एकाच झाडाचे हाय."

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "झाडाला ओळख नसते," एवढंच म्हणाले.

माझ्या मांडीत सुई टोचून ती बधिर केली आणि लांब पात्यानं कातडी काढली. कांद्याचा पापुद्रा असतो तेवढीच पातळ. भावाच्या दोन्ही पायांवर त्या पट्ट्या अंथरल्या. नंतर माझी मांडी अशी जळायला लागली की मी दात खाऊन पडून राहिलो, पण हूं केलं नाही.

पट्टी सोडली तेव्हा माझी कातडी त्याच्या पायावर गुलाबी झाली होती. मी स्वतः बघितलं. खालचं रक्त वर चढलं होतं. आठवडा उलटला, रंग तसाच. मी एस.टी.नं गावाला गेलो आणि ज्याला त्याला सांगितलं, डॉक्टर म्हणत होता टाकंल, बघा कशी धरलीय. आईनं देवापुढं साखर ठेवली.

परत आलो तेव्हा वॉर्डाच्या दारातच वास आला.

गुलाबी रंग आधी जांभळा झाला होता, आता कडेनं काळा पडत होता. पट्ट्या सुटून वर उचलल्या जात होत्या, उन्हात टाकलेल्या पापडासारख्या. भाऊ तापानं फणफणला होता. मला बघून म्हणाला, "दादा, तुजं कातडं आतनं खाजतंया रं." मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि पायाकडं बघायचं टाळलं.

कपडे आणायला गावी गेलो आणि न्हाव्यापुढं बसलो, तर बातमी माझ्याआधी पोचलेली.

"टाकली म्हनं कातडी?" शेजारी बसलेला एक म्हातारा म्हणाला.

"टाकली."

"आन रगात तर जुळलं हुतं."

"जुळलं हुतं."

"मग सख्ख्या भावाचं कातडं सख्खा भाऊ टाकतो व्हय गड्या?" मग तो न्हाव्याकडं बघून म्हणाला, "ह्यांचा बा पलटणीत हुता न्हवं, धाकटा झाला तवा?"

न्हाव्याचा वस्तरा थांबला. कुणीतरी हसलं. मी अर्धी दाढी झालेली तशीच घेऊन उठलो.

घरी आई सुपात ज्वारी पाखडत होती. माझं तोंड बघून म्हणाली, "आरं, ही कसली दाढी?" माझ्या तोंडून निघालं ते असं, "धाकट्याच्या येळी बा सुट्टीवर कवा आलाता?"

सूप हलायचं थांबलं. ती मग उठली, सूप भिंतीला लावलं आणि आत गेली. बाप मरून वर्षं झाली होती. विचारायला दुसरं कुणी नव्हतं, आणि जिला विचारायला नको होतं तिला मी विचारून बसलो होतो.

सांगलीला परतलो ते मनाशी एक ठरवूनच. माझीच कातडी पुन्हा लावायची. यावेळी धरणार. धरली की त्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन उरलेली अर्धी दाढी करून घ्यायची.

दवाखान्यात भावाच्या बायकोचा भाऊ आलेला होता. फलटणकडचा, साखर कारखान्यावर उसाचा ट्रक चालवायचा. केळी घेऊन आला होता. त्याला बहिणीनं सगळं सांगितलेलं दिसलं. मला म्हणाला, "पाव्हणं, कातडं लागनार आसंल तर माजं घ्या की. दाजींसाठी काय बी."

"आमच्या घरातली मानसं सरली न्हाईत अजून," मी म्हणालो. "आमाला भायेरचं कातडं नगं."

त्याचं तोंड पडलं. केळी बहिणीच्या हातात दिली आणि गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं कुणी आहे का? तुमची पुन्हा लावण्यात अर्थ नाही. आता त्याच्या अंगाला तुमची ओळख पटलीय. पहिल्यांदा ओळखायला दोन आठवडे लागले. दुसऱ्यांदा ते वाट बघत नाही."

"दुसरं कुनी न्हाई," मी म्हणालो.

मागून भावजयीचा आवाज आला. माझ्यासमोर ती कधी बोलायची नाही, डोक्यावरचा पदर ओढून भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "माजी घ्या."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. पदराशी तान्हं मूल, हाताची हाडं दिसतायत. "तुमची थोडीच मिळेल," म्हणाले. तिची डाव्या पायावर लावली. उजवा उघडा ठेवता येत नव्हता, म्हणून मान हलवत हलवत माझी उजव्या पायावर. मला त्यात वाईट वाटलं नाही. उलट बरंच झालं असं वाटलं. दोन पाय शेजारी शेजारी, आता दिसेल कुणाची टिकते.

दिसलं. माझी गुलाबी झालीच नाही. पांढरीच राहिली, मेलेल्या माशाच्या पोटासारखी, आणि तीन-चार दिवसांत पट्टीबरोबर निघून आली. खाली पू. शेजारच्या पायावर भावजयीची कातडी, जी आमच्या रक्ताची ना मांसाची, मजेत गुलाबी होऊन बसलेली.

त्या दिवशी भाऊ कुणाला ओळखेना. गुऱ्हाळातल्या गड्यांना हाका मारत होता, जाळ कमी करा म्हणून ओरडत होता. डॉक्टर म्हणाले, "उजवा पाय आज-उद्यात झाकायला हवा. नाहीतर विष अंगभर पसरेल, मग मी काही सांगू शकत नाही."

आई गावाहून आली होती. मी तिला ते विचारलं त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली.

"माजी घ्या, साहेब. माज्या पोटचा हाय त्यो. माजी तरी धरंल का न्हाई?"

"तुमची हाडंच उरलीत, आजी. आणि घेतली तरी तुमचीही टाकेल."

"आईची बी?"

"आईची, बापाची, भावाची, सगळ्यांची. जुळं असेल, अगदी एकाच बीजातून झालेलं, तरच धरते. यात नात्याचा दोष नसतो. उलट नऊ महिने तुम्ही त्याला पोटात ठेवलंत, तेव्हा तुमच्या अंगानं त्याला परका म्हणून टाकलं कसं नाही, हेच आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. काही बायांचं अंग टाकतंसुद्धा, गर्भ राहत नाही."

आई वळली. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "आयकलंस?"

भावजय भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "माजा भाऊ आलाता. भावजींनी माघारी लावला." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खांद्यावर टॉवेल टाकला आणि एस.टी. स्टँडकडं निघालो.

सांगलीहून फलटण त्या काळी अख्खा दिवस खायचं. गाडी साताऱ्याला बदलावी लागली आणि तिथली गाडी उशिरा लागली. मी बाकावर बसलो नाही. बसलं की तो वास यायचा, माझ्याच मांडीच्या पट्टीतून.

कारखान्याच्या आवारात तो ट्रकखाली पडून काहीतरी ठोकत होता. मी वाकून हाक मारली. त्यानं डोकं बाहेर काढलं नाही.

"कोन?"

"मी हाय. दाजींचा थोरला भाऊ."

"व्हय का? घरातली मानसं सरली वाटतं."

आजूबाजूचे दोन ड्रायव्हर ऐकत होते. मी म्हणालो, "त्याचा ताप उतरंना. पाय झाकायला पायजे. चला."

"भायेरचं कातडं चालंल का पन?"

"चालंल."

"काय म्हनला? हातुड्याच्या आवाजात ऐकू आलं न्हाई." हातोडा तर त्यानं केव्हाच खाली ठेवला होता.

आयुष्यात मी कुणापुढं हात जोडले नव्हते. तिथं वाकलेलाच होतो, तसाच गुडघ्यावर बसलो आणि ट्रकखाली तोंड घालून म्हणालो, "चालंल म्हन्तोय. या. हात जोडतो."

तो सरकत बाहेर आला. हात पुसले. "उठा पाव्हणं," म्हणाला, "लोकं बघत्यात. मला लाज वाटती." मग मालकाला सांगायलाही न जाता चावी एका ड्रायव्हरकडं फेकली.

परतीच्या गाडीत, कऱ्हाड मागं पडल्यावर हळूच म्हणाला, "लय दुखतं का वो?"

"लय."

"आवं, खोटं तरी सांगायचं!"

पोचलो तेव्हा भाऊ श्वास घेत होता, पण तो आवाज मला बरा वाटला नाही. भावाच्या मेव्हण्याला लगेच आत नेलं आणि त्याची कातडी उजव्या पायावर लावली. सकाळपर्यंत ताप तसाच, दुपारी जरा उतरला, पुन्हा चढला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भावानं पाणी मागितलं आणि मागताना भावजयीचं नाव घेतलं. ती कातडीसुद्धा शेवटी गेलीच, भावजयीची आणि तिच्या भावाची, दोघांचीही गेली. पण ती जाईपर्यंत भाऊ भाकरी कुस्करून खायला लागला होता आणि डॉक्टरांनी त्याच्याच पाठीची काढून दोन्ही पायांवर लावली. ती राहिली. उजवा गुडघा पुरता वाकत नाही, बाकी पाय आहेत.

गावात कोण काय म्हणतं ते मी नंतर ऐकायला गेलो नाही. त्या न्हाव्याकडंही गेलो नाही.

भावाला घरी आणलं त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मी ओसरीवर होतो. आई माझ्या समोरून दोनदा गेली. मग आतून तिचा आवाज आला, भावाला सांगत होती, "तुज्या दादाला म्हनावं, भाकरी निवतीया."

भाऊ भिंत धरून, एक पाय ताठ टाकत, ओसरीपर्यंत आला. "दादा, आई काय म्हन्ती आयकलंस न्हवं?"

"आयकलं."

"मग ऊठ की."