भाऊजींचे पासवर्ड

कुलूप लावायचा इतका नाद असलेला आणि उघडताना इतका हळवा होणारा माणूस, आमच्या धाकट्या भाऊजींसारखा, सबंध खानदेशात दुसरा सापडायचा नाही. मी बायाबापड्यांकडून जमवलेली लग्नातली गाणी त्यांनी मेहरूणच्या तलावाकाठच्या घरी सर्व्हरवर चढवली आणि त्या दिवसापासून माझ्याच गाण्यांकडे मी पाहुणी झाले. पासवर्ड सुचावा म्हणून भाऊजी संध्याकाळभर तलावाच्या पाण्याकडे बघत बसणार, आणि जेवताना वरणात बोटं तशीच ठेवून एकदम म्हणणार, “सापडला, वहिनी!” पासवर्ड आपल्या बोलीतला, ‘सगळं’ या अर्थाचा, पण इंग्रजी अक्षरांत. “जगातल्या कुठल्या चोराला ‘बठ्ठा’ लिहिता येईल?” चोराचं राहू द्या, दुसऱ्या दिवशी यांनाच त्यात एच किती ते आठवेना. भर दुपारी फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते! बाहेरगावाहून कुणाला सर्व्हरमध्ये शिरू देणं तर त्यांच्या फार जिवावर यायचं. “सगळ्यांना परवानगी द्यायला तो काय बस स्टँड आहे? कोण, कुठून, आत येऊन काय करणार, हे कळल्याशिवाय दार उघडायचं नाही.”

धुळ्याला मात्र ते स्वतःच जाईनासे झाले होते. तिथे त्यांची थोरली बहीण, आमच्या अक्का. हल्ली सगळं विसरायच्या. कडेवर घेऊन वाढवलेल्या या भावालाही गेल्या खेपेला त्यांनी ओळखलं नव्हतं. मी गेले तेव्हा हळदीचं गाणं म्हणता म्हणता अक्का दुसऱ्या ओळीशी अडल्या आणि कासावीस झाल्या. ते गाणं उघडून द्या म्हणून मी भाऊजींना फोन लावला. पलीकडे बराच वेळ नुसती कीबोर्डची बटणं वाजत होती.

“फक्त अक्काच्या घरून उघडेल. नुसतं वाचायचं, खोडायचं नाही.”

“अहो, पण पासवर्ड?”

“लहानपणी अक्का मला काय हाक मारायची, ते.”

“ते मला काय ठाऊक?”

“तिला विचारा,” म्हणाले, आणि फोन तसाच धरून राहिले.

मी विचारलं. अक्का खिडकीबाहेर कुठेतरी लांब बघत हसल्या. “बोंड्या! कपाशीना बोंड जसा गोल शे मना भाऊ.”

मी टाइप केलं. गाणं उघडलं. मी अडलेली ओळ वाचली आणि अक्का शेवटपर्यंत गायल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊजी धुळ्यात हजर. अक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोन शे रे भाऊ तू? कोनता गावना?”

भाऊजी चपला काढून अक्कांच्या पायाशी बसले आणि मला हळूच म्हणाले, “असू द्या, वहिनी. माझं नाव आहे तिच्यापाशी.”

अक्कांनी पाहुण्यापुढे धरावा तसा त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. भाऊजींनी तो सावकाश, डोळे मिटून, सबंध रिकामा केला.