मधलं नाव

नववीत मला सेवा मंडळाची प्रमुख केलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. तशी मी आधीपासूनच आगाऊ. माझं अक्षर सुंदर होतं, आणि ज्याचं अक्षर सुंदर त्याला आपण शहाणेही आहोत असं उगाच वाटत असतं.

दर रविवारी आम्ही पाच मुली औरंगाबादहून एसटीनं करमाडला जायचो आणि तिथल्या मारुतीच्या देवळात बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचो. बाईला स्वतःचं पूर्ण नाव लिहिता आलं की ती साक्षर, असा आमचा नियम. नावं मी मतदार यादीतून उतरवून घेतली होती. आधी बाईचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. कोणाला काही विचारायची गरजच वाटली नाही.

वर्गात सगळ्यात हुशार होती शेळ्या राखणारी एक मावशी. भावाकडे राहायची. शेळ्यांवर नजर राहावी म्हणून दारातच पाटी घेऊन बसायची. वय विचारलं तर म्हणायची, "पोलीस ॲक्शनच्या साली मी पाळण्यात व्हते." म्हणजे जन्म अठ्ठेचाळीसच्या सुमारास, निजामाचं राज्य गेलं तेव्हाचा. गावात नवी बालवाडी निघणार होती. तिथं मदतनीस म्हणून लागायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं, आणि लिहिता-वाचता येणारी बाई हवी अशी अट होती. तीन महिन्यांत तिनं बाराखडी संपवली. फक्त नाव लिहिताना मधला शब्द ती मुंगीएवढा काढायची.

"मावशी, हे नाव एवढं बारीक का काढता?" मी दोनदा रागावलेसुद्धा.

"ऱ्हाऊ दे की, पोरी. दिसतंय ना?"

शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही साक्षरतेवर नाटक बसवलं. लिहिलं अर्थात मीच. शेवट असा काढला, की खरीखुरी मावशी स्टेजवर येते आणि फळ्यावर आपलं पूर्ण नाव लिहिते. पाहुणे म्हणून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते आणि बालवाडीची निवडही त्यांच्याच हातात होती. माझंही कौतुक होईल, मावशीचंही काम होईल, असा माझा हिशेब.

त्या दुपारी विंगेत मावशीनं माझा हात घट्ट धरला.

"पोरी, निस्तं लिव्हायचंच ना? वाचायचं नाय ना?"

"फक्त लिहायचं," मी म्हणाले आणि तिला जवळजवळ ढकललंच.

तिनं लिहिलं. या वेळी मधला शब्दही मोठा काढला, कारण मागच्या रांगेला दिसलं पाहिजे असं मीच बजावलं होतं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतले साहेब उठून उभे राहिले.

"छान! आता वाचून दाखवा बरं. पाठ करून तर कोणीही लिहितं."

मावशीनं पहिल्या शब्दाखाली बोट धरलं आणि स्वतःचं नाव वाचलं. बोट पुढं सरकलं आणि थांबलं. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"वाचता येत नाही वाटतं," साहेब शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले.

आता बालवाडी गेली! आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अगं, नवऱ्याचं नाव ना ते! आपल्याकडच्या बायका ते असं सरळ घेतात कुठं? मी विंगेतूनच ओरडले, "मावशी, उखाणा घ्या!"

अख्खा हॉल हसला. पोरींनी टाळ्यांवर ताल धरला, "उखाणा! उखाणा!" साहेबही हसू लागले. मी खूश. मावशी मात्र हसली नाही. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटच्या रांगेतला तिचा भाऊ उठला आणि माणसं बाजूला सारत स्टेजकडे यायला लागला.

मावशीनं तळहातानं मधला शब्द पुसला. टाळ्या थांबल्या. मग ती मागच्या पडद्याकडे वळली. तिथं आम्ही कापसाची अक्षरं चिकटवली होती. "से... वा... मं... मंडळ," तिनं मोठ्यानं वाचलं. "आं... आंतर... नाय, आनंद... आनंदानं... शिकू."

"येतंय की!" साहेब म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या.

तोवर भाऊ विंगेत पोचला होता. आवाज दाबून तो मला म्हणाला, "पोरी, त्यानं सात वर्षांमागं दुसरी केली. हिला हाकलून दिलं. आमच्या घरात त्याचं नाव कोण काढत नाय. आन तू हिला उखाणा घ्यायला लावती व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर रविवारी ते नाव मी तिच्याकडून दहा-दहा वेळा गिरवून घेतलं होतं.

मग मला साहेबांच्या हातून द्यायची साक्षरतेची प्रमाणपत्रं आठवली. टेबलावर ठेवलेली, काळ्या शाईनं, माझ्याच अक्षरात लिहिलेली. मी मुख्याध्यापिकाबाईंकडे धावले. "बाई, त्या मावशींचं मधलं नाव गाळून दुसरं लिहू द्या ना. दोनच मिनिटं."

"आता? सही-शिक्का झालाय. आणि बालवाडीच्या अर्जाला जोडायचं तर मतदार यादीतलंच नाव लागतं."

तोच कागद जोडून मावशीला पुढं बालवाडीत काम लागलं, हे खरं आहे. पण त्या दुपारी साहेबांनी माईकवरून तिचं पूर्ण नाव पुकारलं, तेव्हा तो कागद हिसकावून फाडावा असं मला वाटत होतं पण मी जागची हलले नाही. मावशीनं तो दोन्ही हातांनी घेतला. बाजूला येऊन उभी राहिली आणि मी शिकवलं होतं तसं, एकेका अक्षराखाली बोट फिरवत वाचू लागली. मधल्या शब्दाशीही तिचे ओठ हलले.